लॉजची खोली घेताना : भाव उघडा, बैल झाकलेला



माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात रुमालाखालचा सौदा तुम्ही पाहिला असेल. दोघांचे हात रुमालाखाली, बोटे दाबून भाव ठरतो आणि शेजाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. तेथे भाव झाकलेला असतो, पण बैल उघडा असतो. दात मोजा, खूर पाहा, चालवून पाहा, मग बोट दाबा.

आता मोबाइलवर लॉजची खोली घेण्याचा एक प्रकार निघाला आहे, तो याच्या नेमका उलटा. तेथे भाव उघडा आणि बैल झाकलेला! शहराचा भाग सांगतात, खोलीचा दर्जा सांगतात, भाडे सांगतात. लॉजचे नाव मात्र पैसे भरल्यावरच कळते. अमेरिकेत ‘हॉटवायर’ नावाची कंपनी अशाच खोल्या विकते. तेथेच 1998 साली ‘प्राइसलाइन’ने बोलीची पद्धत काढली होती. गिऱ्हाईकाने आपला भाव सांगायचा आणि एखाद्या हॉटेलाने तो मान्य केला की पैसे लगेच कापले जायचे. मग माघार नाही.

खोली अशी स्वस्त का मिळते, हे भाजी विकणाऱ्याला सांगायला नको. सकाळी चढ्या भावाने विकलेली मेथी दिवस मावळताना मिळेल त्या भावाला द्यावी लागते. खोलीचेही तसेच. आजची रात्र रिकामी गेली, तर ती उद्या विकता येत नाही. परंतु भाव उघडपणे पाडला तर सगळीच गिऱ्हाईके तोच मागतील. म्हणून मालक नाव झाकून विकतो.

मग आपण हा सौदा करावा की नाही? माझेच उदाहरण सांगतो. सौभाग्यवतींच्या तपासणीसाठी आम्हाला पुण्याला जायचे होते. दवाखान्याजवळची खोली रोज 1,400 रुपये होती. मोबाइलवर ‘दवाखान्याच्या परिसरात’ म्हणून नाव झाकलेली खोली 850 रुपयांत दिसली. दोन रात्रींचे 1,700 भरले आणि 1,100 रुपये वाचले म्हणून खूश झालो. नाव उघडले, तर लॉज दवाखान्यापासून नऊ किलोमीटरवर! दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना दाखल करून घेतले. सामान आणायला पुन्हा मागे जावे लागले. रिक्षाचे 900 रुपये झाले, दुसरी रात्र वाया गेली आणि तिचे पैसे परत नाहीत. एकूण खर्च 2,600. जवळच्या लॉजला एकच रात्र राहिलो असतो, तर 1,400 मध्ये भागले असते. आयुष्यभर लोकांना हिशेब शिकवणाऱ्या माणसाचा हा हिशेब! पैशापेक्षा, आजारी माणसाला रिक्षात हेलपाटे घालावे लागले याचे वाईट वाटले.

उलट, आमच्या भागातील दोन तरुण मोशीच्या किसान प्रदर्शनाला गेले, तेव्हा त्यांना अशीच खोली लाभली. तारीख पक्की, अंगाने धडधाकट, सामान एक-एक पिशवी. लॉज दोन किलोमीटर इकडे-तिकडे असले तरी त्यांचे अडत नव्हते. म्हणून माझे सांगणे एवढेच, की तारीख पक्की आणि माणूस चालता असेल तरच झाकलेला सौदा करा. सोबत आजारी माणूस, लेकुरवाळी बाई किंवा परीक्षेला बसणारे लेकरू असेल, तर चार पैसे जास्त गेले तरी नाव, पत्ता आणि रद्द करण्याची सोय पाहूनच खोली घ्या.

खोली स्वस्तात मिळवण्याचे साधे मार्गही आहेत. मोबाइलवर भाव पाहावा आणि मग लॉजला सरळ फोन करावा. मोंढ्यात जशी आडत, तसे मोबाइलवाल्या कंपनीला लॉजमालक कमिशन देतो. ते वाचत असेल तर तो भाडे थोडे उतरवतो. ‘करासह एकूण किती?’ हे आधी विचारावे. रोज 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून पाच टक्के जीएसटी आहे. भाव ठरवताना जाण्या-येण्याचे रिक्षाभाडेही त्यात मिळवावे.

गर्दीच्या दिवसांत मात्र घासाघीस चालत नाही. नांदेडला गुरुद्वाऱ्याचा होला मोहल्ला, लातूरला ‘नीट’ परीक्षेची आदली रात्र, दाट लग्नतिथी अशा वेळी खोली आधीच धरून ठेवावी. धर्मार्थ सोयही विसरू नये. नांदेडला गुरुद्वाऱ्याची यात्री निवासे आहेत. मुंबईत टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांना व नातेवाइकांना दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आधार देते. तेथे जाण्याआधी जागेची चौकशी करावी.

शेवटी एक सावधगिरी. देवस्थानांच्या भक्तनिवासांच्या नावाने खोट्या वेबसाइट काढून पैसे उकळणारे भामटे आहेत. नंबर अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावा. ‘पैसे परत पाठवतो, पिन टाका’ असे कोणी म्हणाले तर फोन ठेवून द्यावा. पैसे घेताना पिन लागत नाही. फसवणूक झालीच, तर लाजू नये, ताबडतोब 1930 वर फोन करावा.

बैल घेताना आपण दात मोजल्याशिवाय दावे हाती घेत नाही. खोली घेतानाही तीच सवय ठेवा. आणि एखादे वेळी झाकलेला सौदा केलाच, तर तो फसला तरी आपल्या माणसाचे हाल होणार नाहीत, एवढे आधी पाहा.