‘नाही’ म्हणण्याची अट

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाईच्या प्राज्ञपाठशाळेत मीमांसा आणि न्याय या शास्त्रांचे कसून अध्ययन चाले. पाठशाळेचे नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच केवलानंद सरस्वती, यांचा मीमांसाकोश १९५२पासून वाईतूनच सात खंडांत प्रसिद्ध झाला. त्यांचे शिष्य लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी १९२३मध्ये न्यायशास्त्रातील ‘तर्कतीर्थ’ ही पदवी मिळवली. मीमांसा आणि न्याय या दोन शास्त्रांत एक जुना वाद आहे. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कळते कशाने? मीमांसक कुमारिल भट्टांचे अनुयायी म्हणतात, अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन, प्रमाणच होय. नैयायिकांच्या मते अभाव प्रत्यक्षानेच कळतो, अनुपलब्धी फक्त साहाय्य करते. पण घट असता तर तो दिसलाच असता, ही अट दोघांनाही मान्य आहे. अंधारात घट दिसला नाही, एवढ्याने तो नाही असे ठरत नाही.

‘नाही’ हे कशाने ठरवायचे, हा प्रश्न संगणकशास्त्रापुढे प्रोलॉग या संगणकभाषेमुळे ठळकपणे उभा राहिला. ती १९७२च्या सुमारास फ्रान्समधील मार्सेय येथे घडली. तिच्यात तर्कविधाने हाच प्रोग्राम. पण त्यात लिहिलेले असते ते ‘आहे’, मग ‘नाही’ आणायचे कोठून? विधान सिद्ध करण्याचे सारे मार्ग मर्यादित पायऱ्यांत संपले आणि फसले, तर त्याचा निषेध मानावा, असे कीथ क्लार्क यांनी १९७८मध्ये मांडले. त्याच वर्षी रेमंड रायटर यांनी त्यामागचे गृहीतक स्पष्ट केले: माहितीसाठा पूर्ण असेल, तरच नोंद नसणे म्हणजे वस्तू नसणे. सांगलीच्या एसटी स्थानकावरील वेळापत्रकात एखादी गाडी नसेल तर ती नाही असे खुशाल धरावे. रुग्णाच्या कागदावर ॲलर्जीची नोंद नाही म्हणून तसेच धरले, तर ते जिवावर बेतेल.

येथे कोणी म्हणेल, म्हणजे आमच्या शास्त्रांत संगणक आधीच होता. १९८५मध्ये रिक ब्रिग्ज यांचा संस्कृत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा लेख आल्यापासून हा दावा वारंवार होतो, आणि तो नाकारलाच पाहिजे. यांत्रिक कृतीची काटेकोर व्याख्या ॲलन ट्यूरिंग यांनी १९३६मध्ये दिली. एखादे गणन थांबेल की नाही, हे प्रत्येक वेळी सांगणारी एकच पद्धत असू शकत नाही, हेही त्यांनी दाखवले. शोध संपेल का, हा पेच नैयायिकांपुढे या रूपात कधी आलाच नाही. उलट बाजूने आक्षेप येईल की एकीकडे ज्ञानाची मीमांसा, दुसरीकडे गणन; साम्य वरवरचे आहे. मला तसे वाटत नाही. न सापडण्याला पुराव्याचे बळ केव्हा येते, हाच दोन्हीकडचा प्रश्न आहे, आणि एका बाबतीत जुनी अट अधिक बारीक आहे. रायटर यांचे गृहीतक सगळ्या साठ्याला एकदम लागू होते. नैयायिक मात्र ही वस्तू, ही जागा, हा उजेड असे वेगवेगळे तपासतो. पुढे संगणकशास्त्रालाही माहितीच्या एकेका भागापुरतीच पूर्णता मानण्याकडे वळावे लागले.