स्कोप्स खटला
अमेरिकेच्या टेनेसी राज्यात क्रमविकासाच्या (उत्क्रांतीच्या) अध्यापनावरून १९२५ मध्ये चाललेला प्रसिद्ध खटला. बायबलमधील मानवनिर्मितीची कथा नाकारून मानव कनिष्ठ श्रेणीच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे सरकारी शाळांत शिकविण्यास बटलर अधिनियमाने त्याच वर्षी मनाई केली. विसंगती अशी, की राज्याने नेमलेल्या जीवविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातच क्रमविकासाचे विवेचन होते. नेमलेले पुस्तक इमानाने शिकविणारा शिक्षक गुन्हेगार ठरे. कायद्याची कसोटी लागावी म्हणून डेटन येथील जॉन टी. स्कोप्स या २४ वर्षांच्या शिक्षकाने आरोपी होण्याचे मान्य केले. बचावपक्षाचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी सरकार पक्षाचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांचीच बायबलवर घेतलेली उलटतपासणी गाजली. शास्त्रज्ञांच्या साक्षी मात्र न्यायाधीशांनी ज्यूरीपुढे येऊ दिल्या नाहीत. स्कोप्स यांना १०० डॉलर दंड झाला. पन्नास डॉलरांवरील दंड ज्यूरीनेच ठरवावयाचा असतो, एवढ्याच कारणावरून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये तो निर्णय फिरविला, पण अधिनियम वैध मानला. खटल्याचा दूरगामी परिणाम पाठ्यपुस्तकांवर झाला. अनेक प्रकाशकांनी पुढे क्रमविकासाचा भाग आखडता घेतला. त्यामुळे असा कायदा नसलेल्या राज्यांतील विद्यार्थ्यांनाही हा विषय अपुराच मिळाला. बटलर अधिनियम १९६७ मध्ये रद्द झाला; १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आर्कॅन्सॉ राज्याचा तशाच स्वरूपाचा कायदा घटनाबाह्य ठरविला.