गोवेकरांचें युरोपांतील बिऱ्हाड



दहा-बारा वर्षांपूर्वीं एका पावसाळी सकाळीं माझा एक जुना विद्यार्थी कागदांचें भेंडोळें छत्रीच्या आड सांभाळीत माझ्या ओसरीवर आला. बार्देशांतील एका खेड्यांत मी मराठी प्राथमिक शाळेंत शिक्षक होतों, त्या वेळचा हा मुलगा. ख्रिस्ती घरांतला, हिशेबांत हुशार, अक्षर मात्र कोंबडीच्या पायांचें. "मास्तर, तुम्ही माझ्या बापाचें नांव बदललें," असें तो हंसत म्हणाला. पण त्या हंसण्यांत काळजी होती. गोष्ट अशी होती. त्याला शाळेंत दाखल करतांना मीं वडिलांचें नांव गांवांत हांक मारीत तसें 'पेद्रू' लिहिलें. तेंच पुढें शाळेच्या दाखल्यावरून रेशनकार्डावर आणि तेथून पासपोर्टावर गेलें. पोर्तुगीज अमदानींतील जन्माच्या रजिस्टरांत मात्र तें 'पेद्रो' असें होतें. हे दोन्ही इसम एकच आहेत हें आतां लिस्बनच्या कचेरीला पटवावयाचें होतें. पोर्तुगीज उच्चारांत शब्दाचा शेवटचा ओकार उकारासारखाच निघतो. म्हणजे माझा कान खरा होता. पण कागद कानाचें ऐकत नाहीं.

त्या एका अक्षरापायीं त्याचे आठ महिने गेले. गोवेकर युरोपांत कसा जातो, तेथें कसा राहतो आणि येथलें काय सोडतो, हें सारें अशाच जन्माच्या वह्यांशीं बांधलेलें आहे. म्हणून आजच्या विषयाला मी तेथूनच सुरुवात केली.

इ. स. १५१० पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगालच्या ताब्यांत होता. गोव्यावरील भारताचें स्वामित्व पोर्तुगालनें मान्य केलें तें लिस्बनमध्यें १९७४ सालीं राज्यक्रांति झाल्यावर, त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरच्या तहानें. पुढें १९८१ सालीं तेथें नागरिकत्वाचा नवा कायदा आला. मुक्तीपूर्वीं गोवा, दमण किंवा दीव येथें जन्मलेल्या माणसाचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरींत नोंदवितां येऊं लागला, आणि त्या नोंदीच्या आधारानें मुलांना व नातवंडांना नागरिकत्व मिळविण्याची वाट मोकळी झाली. ह्यांत धर्म कोणी विचारीत नाहीं. पुष्कळांचा समज असा कीं, ही वाट केवळ ख्रिस्त्यांची. परंतु हिंदु आणि मुसलमान गोवेकरही त्याच वाटेनें गेले आहेत. हिंदूंच्या नांवांची तर आणखीच गंमत होते. जुन्या रजिस्टरांत शेणव्यांचें 'सिनाय', प्रभूंचें 'पोरोबो' आणि कामतांचें 'कामोतिं' झालेलें असतें. आजोबा पोरोबो, नातू प्रभू; मग एकाच रक्ताच्या माणसांना नातें सिद्ध करण्यासाठीं प्रतिज्ञापत्रें करावीं लागतात.

एवढा खटाटोप कशासाठीं? १ जानेवारी १९८६ रोजीं पोर्तुगाल युरोपियन समुदायाचा सभासद झाला, आणि कालांतरानें पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे त्या समुदायांतील कोणत्याही देशांत राहण्याचा व काम करण्याचा परवाना ठरला. दार लिस्बनचें, पण आंतली वाट लंडनला जाणारी! ज्यांच्या आजोबांना पोर्तुगीज येत असे, त्या घरांतील तरुणांना तें येत नव्हतें. त्यांना इंग्रजी येत होतें, आणि मजुरी इंग्लंडांत अधिक होती. त्यामुळें ज्या देशाचे ते नागरिक झाले, त्यांतून बहुतेक जण पाहुण्यासारखे निघून गेले.

गोवेकर ह्यापूर्वींही युरोपांत गेले होते. कांदोळी येथें १७५६ सालीं जन्मलेला आबे फारिया पंधराव्या वर्षीं बापाबरोबर लिस्बनला गेला, पुढें पॅरिसमध्यें संमोहनविद्येवर व्याख्यानें देऊन त्यानें मोठी खळबळ उडवून दिली, आणि १८१९ सालीं तेथेंच वारला. पणजींतील त्याचा पुतळा आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. पण असे लोक विरळा. सामान्य गोवेकराचें पहिलें परदेश म्हणजे आपली मुंबई. धोबीतलाव आणि माझगांव ह्या भागांत गांवोगांवचीं 'कूड' नांवाचीं बिऱ्हाडें होतीं. त्यांपैकीं कांहीं अद्याप आहेत. बोटीवरचे खलाशी, आचारी, वादक, नोकरी शोधणारीं पोरें अशांचा तेथें मुक्काम असे. प्रत्येकाची एक पेटी, निजावयास तेवढी जागा, आणि संध्याकाळीं सर्वांनीं मिळून म्हणावयाची प्रार्थना. तियात्राचा पहिला खेळ १८९२ सालीं झाला तोही मुंबईंतच, गोव्यांत नव्हे. पुढें ह्याच लोकांतले कित्येक पूर्व आफ्रिकेंत गेले. १९७२ सालीं युगांडांतून हद्दपार झालेल्यांबरोबर तेथील गोवेकर ब्रिटनमध्यें आले. आणि १९७५ सालीं मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तेथील पुष्कळ गोमंतकीय कुटुंबें पोर्तुगालला गेलीं.

पोर्तुगालांत वसलेला हा वर्ग निराळा. त्यांना भाषा येत होती, वकिली, डॉक्टरी, सरकारी नोकरी ह्यांची परंपरा होती. ते तेथील समाजांत पाण्यांत मीठ विरघळावें तसे विरघळले. आंतोनियु कोश्त हे २०१५ पासून २०२४ पर्यंत पोर्तुगालचे पंतप्रधान होते आणि त्यानंतर युरोपियन परिषदेचे अध्यक्ष झाले. त्यांचे वडील ऑर्लांदो द कोश्त हे कादंबरीकार. त्यांचें बालपण मडगांवांत गेलें. मुलगा लिस्बनमध्यें जन्मला तो १९६१ सालीं, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षीं. ह्या उदाहरणाचा आपल्याकडे फार अभिमान बाळगला जातो. बाळगावा, पण माझ्या विद्यार्थ्यासारख्यांची कथा त्यावरून कळत नाहीं.

त्याचा मुक्काम स्विंडन येथें आहे. लंडनच्या पश्चिमेस असलेलें हें गांव मूळचें रेल्वेचें. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना तेथें १८४३ सालीं सुरू झाला आणि १९८६ सालीं बंद पडला. पुढें तेथें होंडा कंपनीचा मोटारींचा कारखाना होता, तोही २०२१ सालीं बंद झाला. गांवाच्या आसपास मोठमोठालीं गोदामें आहेत, आणि त्यांत रात्रपाळीला माणूस लागतो. इंग्लंडांत आज गोवेकरांची मोठी वस्ती जेथें जेथें आहे त्यांत साउथॉलबरोबर स्विंडनचें नांव घेतलें जातें. आधीं गेलेला चुलत भाऊ मागून येणाऱ्या मेहुण्याला बोलावतो, मेहुणा शेजाऱ्याला. अशा रीतीनें एका वाड्यावरचीं दहा घरें तिकडच्या दोन गल्ल्यांत जाऊन बसतात.

माझा विद्यार्थी पदवीधर आहे. पहिलीं तीन वर्षें त्यानें खोकीं भरलीं. एका घरांत सात जण राहत. दिवसपाळीचा उठला कीं रात्रपाळीचा त्याच अंथरुणावर पडे. मीं त्याला म्हटलें, "अरे, ही तर तुमची मुंबईची कूडच झाली." तो म्हणाला, "नाहीं मास्तर. कुडींत आजारी पडलेल्याला कोणी तरी पेज देत असे. येथें जो तो पाळीवर गेलेला असतो." ह्या उत्तरानें मी चमकलों. कुडीला गांवाचें नांव होतें, नियम होते, वडीलधारें माणूस होतें. भाड्याच्या घराला फक्त भाडें असतें. तें वडीलधारें माणूस त्याला अखेर चर्चमध्यें भेटलें. रविवारच्या मिस्सेला गोंयकार दिसले, त्यांच्याकडून बरें घर कळलें, नोकरी कळली, मुलाला कोणत्या शाळेंत घालावें हें कळलें. ३ डिसेंबरला गोंयच्या सायबाचें फेस्त तिकडेही होतें, गोव्याहून तियात्राच्या मंडळ्या जातात, कोंकणी मिस्सा होतात. धर्म तेथल्या पुष्कळांचाच, आडनांव युरोपियन कानाला परकें न वाटणारें, इंग्रजी येणारें. म्हणून गोवेकर इतरांपेक्षां लौकर रुळतो हें खरें. मात्र रुळला तरी तो कोण हा प्रश्न सुटत नाहीं. पासपोर्टावरून मोजला तर तो पोर्तुगीज, जन्मस्थानावरून मोजला तर भारतीय. 'गोंयकार' हा रकानाच कोठें नाहीं. शेजारीण त्याच्याशीं एकदां आवर्जून पोर्तुगीज बोलावयास आली. ह्यानें मान हलविली आणि आंत जाऊन दार लावून घेतलें.

२३ जून २०१६ रोजीं ब्रिटिश मतदारांनीं युरोपियन संघांतून बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हां ह्या सर्वांच्या पोटांत गोळा उठला. जे ३१ डिसेंबर २०२० पूर्वीं तेथें राहत होते त्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून राहण्याचा हक्क मिळवितां आला. माझा विद्यार्थी त्यांत बसला. त्याची धाकटी बहीण, जी 'पुढच्या वर्षीं जाऊं' म्हणत राहिली, ती बसली नाहीं. नव्यानें पोर्तुगीज झालेल्याला आतां इंग्लंड सरळ उघडें नाहीं. संघांतले इतर देश तेवढे उरले, आणि तेथें इंग्रजीवर भागतेंच असें नाहीं.

आतां सोडलेल्या गोष्टींविषयीं. आपल्या राज्यघटनेचें नववें कलम आणि १९५५ चा नागरिकत्वाचा कायदा ह्यांप्रमाणें जो स्वेच्छेनें परदेशाचें नागरिकत्व घेतो तो भारताचा नागरिक राहत नाहीं. केवळ लिस्बनला जन्म नोंदविला म्हणजे नागरिकत्व गेलें कीं नाहीं, हा वाद गोव्यांत बराच गाजला. लोकप्रतिनिधींच्या बाबतींतही तो उपस्थित झाला. ओसीआय कार्ड काढलें तर येणें-जाणें व राहणें सुलभ होतें. पण मत देतां येत नाहीं, निवडणूक लढवितां येत नाहीं, आणि शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. हें शेवटचें कलम कागदावर लहान दिसतें. माझ्या विद्यार्थ्याच्या घराला लागून एक शेत आहे. त्यांत त्याच्या बापानें उभा जन्म खंडानें राबून काढला. धन्यानें तें विकावयास काढलें तेव्हां मुलापाशीं पैसे होते, पण हक्क नव्हता.

कांहीं लोक ह्या मंडळींना देश विकणारे म्हणतात. त्रिस्तांव ब्रागांस कुन्य ह्यांना ज्या देशानें पेनिश किल्ल्यांत कोंडलें त्याचा पासपोर्ट आपल्या मुलांनीं घ्यावा, हें मलाही टोंचतें. मी तें लपवीत नाहीं. परंतु गोदामांत रात्रभर खोकीं भरणाऱ्या पोराला ओसरीवर बसून तसें ऐकविण्याचा धीर मला झाला नाहीं. मीं प्रतिज्ञापत्राबरोबर जोडण्यासाठीं त्याला पत्र लिहून दिलें कीं, 'पेद्रू' हें लेखन माझें असून दोन्ही नांवें एकाच गृहस्थाचीं आहेत.

ते गृहस्थ आतां हयात नाहींत. त्यांच्या बायकोचा जन्मही १९६१ पूर्वींचाच. पण तिनें लिस्बनला आपलें नांव नोंदवूं दिलें नाहीं. "माझें नांव इगर्जेच्या वहींत आहे, तेवढें पुरे," असें ती म्हणते, आणि दर निवडणुकीला मत देऊन येते. थोरल्या नातवाला आजोबांचें नांव देण्याची त्यांची चाल आहे. मुलगा स्विंडनला जन्मला, तेव्हां दाखल्यावर 'पेद्रो' हीं अक्षरें बापानें तीन वेळां तपासून घेतलीं. सुटींत तो पोरगा गांवीं येतो, त्या शेताच्या बांधावर चेंडू खेळतो. संध्याकाळीं आजी दारांत उभी राहून 'पेद्रू' म्हणून हांक मारते, आणि तो ओ देतो.