हृदयध्वनी आणि पेशंट सिम्युलेटर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लोणावळ्याच्या मावळ तालुक्यात तळेगाव दाभाडे येथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथेही, 2019 पासून देशभर लागू झालेल्या क्षमताधिष्ठित एमबीबीएस अभ्यासक्रमानुसार, हृदयाच्या तपासणीची पद्धत विद्यार्थ्याने आधी निरोगी स्वयंसेवकावर किंवा पेशंट सिम्युलेटरसारख्या कृत्रिम व्यवस्थेत आत्मसात करायची असते. पेशंट सिम्युलेटर म्हणजे रुग्णाच्या देहाची लक्षणे हुबेहूब दाखवणारा यांत्रिक पुतळा. त्याच्याविषयीचे बरेच गैरसमज हृदयध्वनींच्या अपुऱ्या ओळखीतून आलेले आहेत.

‘लब-डब’ हा हृदयाचा स्नायू आकुंचन पावल्याचा आवाज असतो, असे सर्रास मानले जाते. वास्तविक पहिला ध्वनी उमटतो तो निलये, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे, आकुंचन पावू लागताच द्विदल व त्रिदल झडपा मिटतात तेव्हा; दुसरा उमटतो तो महाधमनीच्या व फुफ्फुसधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटतात तेव्हा. श्वास आत घेताना या शेवटच्या दोन झडपांच्या मिटण्यात किंचित अंतर पडते आणि दुसरा ध्वनी दुभंगून ऐकू येतो. अरुंद किंवा गळक्या झडपेतून रक्त खळाळत गेले की जो लांबट आवाज येतो, त्याला मर्मर म्हणतात.

सिम्युलेटर म्हणजे पुतळ्यात बसवलेले ध्वनिमुद्रण, हा समज त्याहून अधिक नुकसान करणारा आहे, कारण तो खरा मानला तर मोबाइलवर आवाज ऐकणे पुरेसे ठरेल. अमेरिकेतील मायामी विद्यापीठाचे डॉ. मायकेल गॉर्डन यांनी 1968 मध्ये ‘हार्वे’ नावाचा जो सिम्युलेटर सादर केला, त्यात हृदयध्वनींच्या जोडीला मानेतील नाडी, मानेच्या शिरेची हालचाल, छातीवर हाताला लागणारा ठोका आणि श्वसन हे सारे एकाच तालात चालत होते. या एकतालातच शिक्षणाचे मर्म आहे. संधिवातज्वरामुळे द्विदल झडप अरुंद झाली, तर मोठा झालेला पहिला ध्वनी, झडप उघडतानाचा खट् असा आवाज आणि त्यानंतरची खालच्या पट्टीतील घरघर असा क्रम ऐकू येतो. परंतु ही घरघर दोन ठोक्यांमधील विश्रांतीच्या काळात आहे, हे मानेच्या नाडीवर बोट ठेवून ऐकल्याशिवाय नवशिक्याला ठरवता येत नाही. स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू हलकेच टेकवावी लागते, कारण ती जोराने दाबली की खालच्या पट्टीतील आवाज हरवतो.

एकदा नीट ऐकले की ध्वनी कायमचा ओळखता येतो, हाही भ्रमच होय. 1997 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रशिक्षणार्थी डॉक्टरांना रुग्णांच्या हृदयाचे मुद्रित ध्वनी ऐकवले असता सुमारे 20 टक्केच ध्वनी अचूक ओळखले गेले. कानाला पुन्हा पुन्हा सराव लागतो, आणि तो धापा टाकणाऱ्या एखाद्या रुग्णाच्या छातीवर पाठोपाठ साऱ्या तुकडीने करणे अमानुष आहे. सिम्युलेटरची सर्वांत मोठी उपयुक्तता हीच. मर्मर जितकी मोठी तितका आजार गंभीर, हा समज या सरावातच सुटू शकतो : निलयांमधील पडद्याचे लहानसे छिद्र मोठा आवाज करते, तर महाधमनीची झडप अतिशय अरुंद होऊन हृदय थकले की मर्मर उलट मंदावते.

एको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखवणारी तपासणी, आल्याने हे शिक्षण निरर्थक झाले, असे म्हणणाऱ्यांनी तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्राचा विचार करावा, कारण एकोसाठी कोणाला पाठवायचे हे बहुधा तेथील डॉक्टरचा कानच ठरवतो. मात्र पुतळा रुग्णाची जागा घेऊ शकत नाही. रडणारे मूल, केसाळ छातीवरची खसखस, पत्र्यावर कोसळणारा मावळातला पाऊस यांतून ध्वनी वेचणे रुग्णापाशीच शिकावे लागते. त्याहून महत्त्वाचा मुद्दा अर्थाचा आहे. निलय वेगाने भरताना उमटणारा तिसरा ध्वनी लहान मुलांत व गरोदर स्त्रियांत स्वाभाविक असू शकतो, तर दम लागणाऱ्या वृद्धात तोच हृदय निकामी होऊ लागल्याची खूण ठरतो.