पुण्यात घर बघताय? आधी मुलाचा हात धरून त्या गल्लीतून चालून या

एप्रिल-मे आला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "आपा, ह्यांना पुण्यात नोकरी लागलीय, घर कुठं बघू?" कुणी लातूरहून विचारतं, कुणी सोलापूरहून, कुणी चिपळूणहून. पहिला प्रश्न भाड्याचा. दुसरा, आपली वस्ती आहे का. तिसरा शाळेचा. तिथं लेकराचा हात धरून चालता येतं का, हे मात्र कुणी विचारत नाही.

आम्हीही विचारलं नव्हतं. मिरजेहून आलो तेव्हा मुलगी चार वर्षांची होती, मुलगा सहा महिन्यांचा. उंड्रीच्या बाजूला नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. लिफ्ट, पार्किंग, खिडकीतून मोकळं आभाळ. आम्ही खूश. सकाळी साडेआठला आमचे हे दुचाकी घेऊन हडपसरला निघून गेले की मग कळायचं की आपण अडकलो. दुधाची पिशवी संपली तर मुख्य रस्त्याच्या कडेनं जवळजवळ एक किलोमीटर चालायचं. फूटपाथ नाही, शेजारून टँकर आणि डंपर. कडेवर एक, हाताला एक. दुसऱ्या आठवड्यापासून मी जाणं सोडलं. दूध, औषध, मुलीचा मकतब, सगळं "हे आल्यावर".

मिरजेत मी दर्ग्याच्या आसपासच्या गल्ल्यांत वाढले. किराणा, शिंपी, डॉक्टर, खालाचं घर, चपला घातल्या की पाच-दहा मिनिटांत सगळं. स्कूटर मला येत नाही, त्याचं तिथं कधी वाईटही वाटलं नाही. पुण्यात आल्यावर मात्र त्या एका गोष्टीनं माझा अख्खा दिवस दुसऱ्याच्या हातात गेला. अकरा महिन्यांचा करार संपला आणि आम्ही घर बदललं. तेव्हा जे शिकलो ते इथं सांगतेय.

आपल्यासाठी निवड अरुंद का आहे

आधी अवघड गोष्ट बोलून टाकू. घर बघायला फोन केला की एजंट नाव विचारतो. नाव सांगितलं की थोडं थांबतो आणि म्हणतो, "मालकाला विचारून सांगतो." परत फोन येत नाही. एकानं तर टोकन घेतल्यावर दुसऱ्या दिवशी परत केलं, "सोसायटीचा प्रॉब्लेम आहे" म्हणून. हा अनुभव इतक्या जणांना आलेला आहे की आता कुणी त्याचं नवल करत नाही.

कायदा इथं फारसा मदतीला येत नाही. संविधानाचं कलम १५ सरकारला धर्मावरून भेद करायला मनाई करतं, दुकानं-हॉटेलांसारख्या जागांनाही. पण खासगी मालकानं घर कुणाला द्यावं यावर बंधन घालणारा सर्वसाधारण कायदा देशात नाही. २००५ साली झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सभासदत्व फक्त पारशी समाजापुरतं ठेवण्याचा संस्थेचा नियम वैध ठरवला होता.

याचा परिणाम असा होतो की घर मिळालं याच आनंदात आपण पुढचं काही बघत नाही. किल्ली हातात आली, अल्हम्दुलिल्लाह, विषय संपला. माझं म्हणणं एवढंच आहे: जिथं घर मिळतं त्या थोड्या वस्त्यांमध्येसुद्धा एका गल्लीत आणि दुसऱ्या गल्लीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एरियाचं नाव बघून घर घेऊ नका. गल्ली बघून घ्या.

कॅम्प आणि पेठा

चालण्याच्या दृष्टीनं सगळ्यात सोपा भाग म्हणजे लष्कर, आपला कॅम्प. छावणी म्हणून वसवलेला, म्हणून रस्ते बऱ्यापैकी सरळ आणि चौक जवळजवळ. भीमपुरा, मोदीखाना, भोपळे चौकाचा परिसर, इथून शिवाजी मार्केट, एमजी रोड, आझम कॅम्पसच्या शाळा-कॉलेजं, पुलगेटचा बसस्टँड हे सगळं पायाच्या अंतरात आहे. मशिदी जवळ, दवाखाने जवळ. एक लक्षात ठेवा, हा भाग महापालिकेकडे नव्हे तर पुणे कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे येतो. गटार तुंबलं तर तक्रार तिकडे.

मग सगळे तिथंच का राहत नाहीत? भाडं. ज्या पैशांत उंड्रीला दोन बेडरूम मिळतात, तेवढ्यात इथं एक खोली आणि स्वयंपाकघर मिळालं तर नशीब. इमारती जुन्या, बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही, गाडी लावायला जागा नाही.

नाना पेठ, भवानी पेठ, गंज पेठेतलं मोमीनपुरा, घोरपडे पेठ हे त्याहून दाट. इथं चार पावलांवर सगळं मिळतं, पण व्यापारही घराला चिकटलेला आहे. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं, भवानी पेठेत लाकूड बाजार. माल उतरवणारा टेम्पो गल्लीत शिरला की बाबागाडी घेऊन भिंतीला चिकटून उभं राहायचं. म्हणून पेठेत घर बघताना सकाळी दहा-अकराला जा, रविवारी नको. रविवारी सगळ्याच गल्ल्या शांत दिसतात! आणि रमजानमध्ये मोमीनपुऱ्यातली रात्र बघितली नसेल तर बघा. खायला सुंदर, पण रस्त्यावरच्या खोलीत तान्हं बाळ असेल तर महिनाभर झोपेचं काही खरं नाही.

पेठांना आता एक नवा फायदा मिळालाय. २९ सप्टेंबर २०२४ला मेट्रो स्वारगेटपर्यंत आली, मधे कसबा पेठ आणि मंडई ही स्थानकं. नोकरी पिंपरी-चिंचवडला असेल तर घोरपडे पेठेतून स्वारगेटपर्यंत चालत जाऊन मेट्रो धरता येते. घरची दुचाकी घरी राहिली तर तो फायदा बायकोलाही आहे, अर्थात ती चालवत असेल तर.

कोंढवा एक नाही

बहुतेकांची गाडी शेवटी कोंढव्याला येऊन थांबते. पण "कोंढव्यात घर घेतलं" याला काही अर्थ नाही. कौसरबाग, मिठानगर, शिवनेरीनगर, भाग्योदयनगर हा आतला भाग वेगळा, एनआयबीएम रोड वेगळा, कात्रज-कोंढवा रस्ता तर अजूनच वेगळा.

आतल्या गल्ल्यांत फूटपाथ जवळपास नाहीच, आणि असला तर त्यावर दुचाक्या आणि हातगाड्या. तरी चालता येतं, कारण गर्दीमुळे गाड्यांना वेग घेता येत नाही. बेकरी, मेडिकल, मशीद, बालरोगतज्ज्ञ पाच-सात मिनिटांत. एनआयबीएम रोडला काही ठिकाणी चांगला फूटपाथ आहे, पण रस्ता रुंद, गाड्या वेगात, आणि पलीकडे जायचं म्हणजे दुआ पढूनच पाय टाकायचा. कागदावर कुठला रस्ता चालण्याजोगा? एनआयबीएमचा. आणि मी मुलीला एकटीला समोरच्या दुकानात कुठं पाठवेन? मिठानगरच्या गल्लीत.

कात्रज-कोंढवा रस्त्यावरचं घर लहान मुलं असतील तर नकोच, असं मी स्पष्ट सांगते. सातारा रस्ता आणि सोलापूर रस्ता यांच्यामधली जड वाहतूक तिथून जाते. रुंदीकरणाचं काम २०१८ला सुरू झालं, जमिनी ताब्यात येण्यावरून वर्षानुवर्षं रखडलं. तिथल्या भाड्यात जे दोन-तीन हजार वाचतात ते रिक्षात जातात.

उंड्री २०१७ साली महापालिकेत आली, पण रस्ते आणि पाणी त्या वेगानं आले नाहीत. हडपसरजवळच्या सय्यदनगरला जाणार असाल तर रेल्वे फाटक तुमच्या घराच्या आणि शाळेच्या मधे येतंय का ते आधी बघा. फाटक बंद असताना खालून वाकून जाणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यात आपलं लेकरू नको.

मी काय काय तपासलं

दुसऱ्यांदा घर शोधताना मी एजंटला सांगितलं, फ्लॅट नंतर दाखव, आधी मला खाली सोड. मुलगी सोबत आणि मुलगा बाबागाडीत. घड्याळ लावून घरापासून दूध, भाजी, औषध, शाळा, मकतब असं चालले. नकाशा जे सात मिनिटं म्हणतो ते चार-पाच वर्षांच्या मुलाबरोबर पंधरा होतात. दहा मिनिटांच्या पुढचं अंतर लहान मूल रोज चालत नाही, ते तिसऱ्या दिवशी कडेवर येतं.

फूटपाथ असला तरी तो चालायच्या लायकीचा आहे का ते बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचनांत चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, म्हणजे साधारण सहा फूट, आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको असं म्हटलंय. सहा इंचांपेक्षा उंच कठडा असेल तर बाबागाडी उचलावी लागते, आणि दर दहा पावलांवर कुणाच्या तरी गेटसाठी फूटपाथ तुटलेला असेल तर ती सारखी उचलावी लागते. मग बाई सरळ रस्त्यावरून चालते. बायका रस्त्यावरून चालताना दिसल्या तर समजा की फूटपाथमध्ये काहीतरी खोट आहे.

पुणे महापालिकेचं पादचारी धोरण २०१६चं आहे. जंगली महाराज रस्त्यावर रुंद फूटपाथ झाले, दर ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो. २०२५च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं की मोकळा फूटपाथ हा कलम २१खालच्या हक्काचा भाग आहे. सगळं चांगलंच आहे. पण आपल्याला भाड्यानं घर मिळतं ते काही जंगली महाराज रस्त्यावर नाही.

शाळा सुटायच्या वेळी एकदा जाच, आणि इशाच्या नमाजनंतरही एकदा. दिवे लागतात का, दुकानं उघडी असतात का, कट्ट्यावर कोण बसतं. एक चांगली खूण मला सापडली: रात्री नऊला म्हाताऱ्या बायका खुर्च्या टाकून दारात बसलेल्या असतील तर गल्ली चांगली. त्यांच्याशी बोला. पाणी किती वेळ येतं, पावसात गल्लीत किती तुंबतं, हे एजंट सांगणार नाही, त्या सांगतात. आम्हांला त्यांच्याचकडून एक घरही कळलं, एजंटशिवाय.

शाळेचं अंतर फक्त पायाचं नाही

आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करणार असाल तर घर आणि शाळा यांच्यातलं अंतर थेट प्रवेशावर परिणाम करतं. एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी, मग एक ते तीन किलोमीटर. ऑनलाइन अर्जात घराची जागा नकाशावर दाखवावी लागते आणि अंतर त्यावरूनच मोजलं जातं. ती खूण चुकीच्या इमारतीवर पडली तर नंतर निस्तरणं त्रासाचं असतं.

आणि एक गोष्ट, जिच्यात आपले लोक हमखास फसतात. २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना हा २५ टक्क्यांचा नियम लागू नाही. म्हणजे अशा शाळेच्या दारात घर घेतलं तर मुलाला चालत जाता येईल, पण आरटीईची फुकट जागा तिथं मिळणार नाही. दोन्हीपैकी काय हवंय ते घर घ्यायच्या आधी ठरवा.

पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार देणार असाल तर तो नोंदणीकृत हवा. मालक म्हणतो, "नोटरी करू, कशाला खर्च?" ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, हेही त्याच कलमात आहे. हे मालकाला हसत हसत सांगता येतं. मी सांगितलं, त्यांनी दुसऱ्याच दिवशी ऑनलाइन नोंदणी करणारा माणूस घरी पाठवला.

एजंट अजून एक गाजर दाखवतो, "इथं मेट्रो येणार आहे." येईल तेव्हा येईल. तुमची मुलगी पहिलीत आत्ता आहे. जी मेट्रो धावत नाही तिचं भाडं आज भरू नका.

आता आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. उंड्रीच्या फ्लॅटच्या निम्मी जागा, भाडं दोन हजारांनी जास्त. पाणी सकाळी दोन तास. बाबागाडी जिन्याखाली साखळीनं बांधून ठेवते, कारण वर नेणं जमत नाही. शाळा आठ मिनिटांवर, मधे एकच रस्ता ओलांडायचा. परवा मुलगी पहिल्यांदा एकटी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेली. मी खिडकीत उभी होते, शेजारच्या खाला दारात. पाव घेऊन आली, सुटे पैसे मात्र तिथंच विसरली.