प्राध्यापकांच्या किल्ल्या, ग्रंथपालांचे मजले

बर्लिन : रविवारी जर्मनीत काही विकत घ्यायचे म्हटले तर पंचाईत होते. किराणा बंद, कापडचोपड बंद, पुस्तकांची दुकानेही बंद. रविवारची सुटी या देशात थेट राज्यघटनेने राखली आहे. 1919च्या वायमार घटनेतले ते कलम 1949च्या घटनेत जसेच्या तसे उचलले गेले. असे असूनही फ्रीडरिशश्ट्रासे स्थानकाजवळच्या ग्रिम केंद्रात, म्हणजे हुंबोल्ट विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयात, परीक्षांच्या दिवसांत रविवारीसुद्धा टेबल मिळणे मुश्कील असते.

ही सवलत एका यादीतून आली. कामाच्या तासांविषयीच्या 1994च्या कायद्यात, रविवारी कोणाला कामावर बोलावता येईल याची लांबलचक यादी आहे. इस्पितळे, अग्निशमन दल, हॉटेले, नाटकवाले, क्रीडांगणे, वस्तुसंग्रहालये अशी ती चालू राहते आणि त्यातच बसून वाचण्याची अभ्यासग्रंथालयेही येतात. गल्लीतले सार्वजनिक वाचनालय त्या यादीत नाही. डॉक्टरेट करणाऱ्याला रविवारी वाचायला जागा मिळते. मुलांना घेऊन निघालेल्या आईबापांना मात्र बंद दार दिसते. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याने 2019मध्ये वेगळा कायदा करून सार्वजनिक वाचनालयांना मोकळीक दिली, पण हा प्रश्न जर्मनीत राज्याराज्यांनी आपापला सोडवायचा असतो.

दार उघडे असले म्हणजे आत ग्रंथपाल असतोच असे नाही. रात्रीच्या आणि सुटीच्या वेळी बहुतेक विद्यापीठ ग्रंथालये सुरक्षा कंपनीचे पहारेकरी आणि तासांवर काम करणारे विद्यार्थी यांच्या भरवशावर चालतात. पुस्तक यंत्रावर नोंदवून न्यावे, यंत्रातच परत टाकावे. फ्रायबुर्गची 2015ची नवी इमारत चोवीस तास उघडी असते. (तिच्या चकचकीत भिंतींवरून परावर्तित होणारे ऊन रस्त्यावरच्या वाहनचालकांच्या डोळ्यांत जाऊ लागले, तेव्हा त्या झाकायचा उपद्व्याप करावा लागला. नव्या ग्रंथालयाची कीर्ती अशीही होते.) बिलेफेल्डचे ग्रंथालय रात्री एकपर्यंत जागे असते. या लांबलेल्या वेळांसाठी कायम ग्रंथपाल वाढलेले नाहीत. अडलेल्याला संदर्भ काढून देणारा माणूस सोमवारी सकाळीच भेटतो.

जागेवरून होणारी भांडणेही माणूस न लावता मिटवली जातात. अनेक ग्रंथालयांत प्रवेशापाशी पुठ्ठ्याच्या चकत्या ठेवलेल्या असतात. गाडी उभी करताना काचेमागे वेळ दाखवणारी चकती ठेवतात, तशीच ही. चहाला उठताना काटा फिरवायचा आणि चकती टेबलावर ठेवायची. ठरलेली वेळ, कुठे अर्धा तास तर कुठे तास, उलटून गेली की वह्यापुस्तके बाजूला सारून दुसऱ्याने खुशाल बसावे. कोणी आवाज चढवत नाही. नियम लिहून लावला की निम्मे व्यवस्थापन झाले, ही जर्मन श्रद्धा इथे तरी खरी ठरते.

दुसरे निम्मे फार अवघड आहे, आणि ते कर्मचाऱ्यांचे आहे.

जर्मन ग्रंथालयसेवा तीन मजल्यांची आहे. तळमजल्यावर देवघेव, पुस्तके जागी लावणे, नियतकालिकांची नोंद ही कामे करणारे लोक. त्यांच्यासाठी 1998पासून तीन वर्षांचा वेगळा शिक्षणक्रम आहे, आठवड्यातले काही दिवस शाळेत आणि बाकीचे प्रत्यक्ष कामावर. मधल्या मजल्यावर पॉट्सडाम, लाइपझिग, कोलोन अशा ठिकाणी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेले. तालिकीकरण, संदर्भसेवा आणि विभागाचा रोजचा कारभार यांच्याकडे. वरच्या मजल्यावर विषयतज्ज्ञ ग्रंथपाल. इतिहास, कायदा, रसायनशास्त्र यांपैकी एखाद्या विषयात पदव्युत्तर पदवी, बहुतेकदा डॉक्टरेट, आणि त्यावर दोन वर्षांची ग्रंथालयातली उमेदवारी. आपल्या विषयाची कोणती पुस्तके घ्यायची हे तो ठरवतो आणि त्या विभागातल्या प्राध्यापकांशी बरोबरीने बोलू शकतो. निदान तशी अपेक्षा असते.

जिना आहे, पण अरुंद. वीस वर्षे देवघेवीच्या खिडकीत बसलेल्या आणि तालिका तोंडपाठ असलेल्या कर्मचाऱ्याला निव्वळ सेवाज्येष्ठतेवर वर जाता येत नाही. वरच्या मजल्याची पदवी हवी, आणि ती मिळाली तरी आकृतिबंधात वरचे पद रिकामे हवे. नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने पदव्युत्तर पदवी घेता यावी म्हणून खुद्द हुंबोल्ट विद्यापीठात अभ्यासक्रम आहे, आणि नेटाने तो पुरा करणारेही आहेत. तरीही संचालकाला एखादा हुशार माणूस वर आणायचा असेल, तर त्याच्या हातात शिफारशीपलीकडे फार काही नसते. पगारही संचालक ठरवत नाही. राज्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी झालेला वेतनकरार ठरवतो, आणि तो माणूस काय जाणतो यापेक्षा पदाच्या वर्णनात काय लिहिले आहे ते बघतो.

या मजल्यांना इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात ग्रंथपाल ही वेगळी नोकरी सहसा नव्हतीच; एखादा प्राध्यापक शिकवता शिकवता ग्रंथालयही बघायचा. संस्कृतच्या अभ्यासकांना परिचित असलेले रुडॉल्फ रोट यांचेच उदाहरण घ्यावे. ओटो ब्योटलिंक यांच्याबरोबर त्यांनी रचलेला सेंट पीटर्सबर्गचा सात खंडी संस्कृत कोश 1855 ते 1875 या काळात निघाला. याच काळात, 1856पासून, रोट ट्युबिंगेन विद्यापीठात प्राध्यापकही होते आणि मुख्य ग्रंथपालही. वेदांचे शब्द लावणारा माणूस कपाटांचे क्रमही लावत होता आणि कोणाला त्यात वावगे वाटत नव्हते.

प्रशियाच्या सरकारला ते पटेना. शिक्षणखात्यातले बडे अधिकारी फ्रीडरिश आल्टहोफ यांच्या काळात, 1886मध्ये, ग्योटिंगेनला ग्रंथालयविद्येचे अध्यासन निघाले आणि तिथे कार्ल झियाट्स्को यांची नेमणूक झाली. 1893च्या डिसेंबरात शैक्षणिक ग्रंथपालांची पात्रता, उमेदवारी आणि परीक्षा ठरवणारा आदेश निघाला. 1909मध्ये मधल्या मजल्याची पदविका परीक्षा आली आणि त्या दाराने स्त्रिया या नोकरीत नियमाने शिरल्या. तो मजला आज मुख्यतः स्त्रियांचाच आहे.

एवढे सगळे झाले ते मध्यवर्ती ग्रंथालयासाठी. विद्यापीठात आणखी एक समांतर राज्य होते आणि ते प्राध्यापकांचे होते. प्रत्येक अभ्याससंस्थेचे स्वतःचे ग्रंथालय, स्वतःचा निधी, स्वतःची मांडणी. नवा प्राध्यापक रुजू होण्याआधी वाटाघाटी करतो, त्यात पगार आणि सहायकांबरोबर पुस्तकांचा निधीही मागून घेतो. त्या पैशांतली पुस्तके संस्थेच्या कपाटात जातात आणि कपाटाची किल्ली संस्थेच्या कार्यालयात. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संचालकाला तिथे काय आहे हे कळेलच असे नव्हते. एकच महागडा संदर्भग्रंथ शंभर पावलांच्या अंतरात तीनदा घेतला जाई.

या किल्ल्यांशी झुंजलेला सर्वांत नामांकित प्रशासक म्हणजे शाकुंतलावर लुब्ध झालेला महाकवी गटे. 1817मध्ये वायमारच्या ग्रँड ड्यूकने त्याला येना विद्यापीठातले विखुरलेले ग्रंथसंच एकत्र करायला सांगितले. जागा अपुरी होती. लगतचे दालन वैद्यक विद्याशाखेचे होते आणि वर्षातून मोजक्या वेळीच वापरले जाई. प्राध्यापक किल्ली देईनात. गटेने गवंडी बोलावला, मधली भिंत फोडायला लावली आणि पुस्तके आत नेली. कर्मचाऱ्यांनी रोज काय काम केले याची रोजनिशी लिहावी, असा दंडकही त्याने घातला. म्हातारपणी आपला सहायक एकरमान याला ही भिंतीची हकिकत त्याने मोठ्या खुशीत सांगितली होती.

आजच्या संचालकाला गवंडी बोलावता येत नाही. 1960च्या दशकात कोन्स्टांझ, रेगेन्सबुर्ग, बिलेफेल्ड ही नवी विद्यापीठे उभी राहिली तेव्हा पाटी कोरी होती. तिथे पहिल्यापासून एकच ग्रंथालय, एकच निधी, एकच कर्मचारीवर्ग ठेवला गेला. रेगेन्सबुर्गने वर्गीकरणाची जी पद्धत घडवली ती पुढे देशभर पसरली. जुन्या विद्यापीठांसाठी 1970मध्ये जर्मन संशोधन प्रतिष्ठानने निदान सहकार्याच्या शिफारशी केल्या. त्या अमलात यायला बऱ्याच ठिकाणी पिढी उलटावी लागली.

बर्लिनमध्ये या कामाला इमारतींनी हात दिला. फ्री विद्यापीठात नॉर्मन फॉस्टर यांनी रचलेले भाषा-साहित्याचे ग्रंथालय 2005मध्ये उघडले. मेंदूसारख्या गोलाकारामुळे लोक त्याला ‘मेंदू’च म्हणतात. त्यात अकरा संस्थांची ग्रंथालये विलीन झाली. 2015मध्ये त्याच विद्यापीठाने आणखी चोवीस ग्रंथालये एका आवारात आणली. हुंबोल्टच्या ग्रिम केंद्राने 2009मध्ये मुख्य ग्रंथालयाबरोबर बारा शाखा पोटात घेतल्या. माक्स डुडलर यांनी बांधलेल्या त्या वाचनकक्षात टेबले पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातात. लहान मूल सोबत असलेल्या पालकांसाठी वेगळी खोलीही आहे.

वास्तुशिल्पाची चर्चा मासिकांतून झाली. कमी बोलले गेले ते माणसांबद्दल. संस्थेच्या छोट्या ग्रंथालयातली बाई एकटीच खरेदी, तालिका, देवघेव, बाइंडरची बिले आणि नव्या विद्यार्थ्याची विचारपूस हे सगळे बघत असे. कोणत्या प्राध्यापकाला कोणते मासिक आल्याबरोबर हवे असते, हेही तिच्या डोक्यात असे. विलीनीकरणानंतर ती एका गटाची सदस्य झाली: आठवड्यातले काही तास माहितीकक्षात, बाकी वेळ तालिकीकरणात. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवरचा जुना क्रमांक काढून नवा चिकटवण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. कामाचे तास नियमित झाले, रजेला बदली माणूस मिळू लागला, हे खरेच. ‘माझे ग्रंथालय’ मात्र गेले. कार्यक्षमतेच्या अहवालात या तोट्याचा रकाना नसतो. तो असायला हवा.

आणि संचालकाने ठरवले म्हणून असे फेरबदल होत नाहीत. सरकारी आस्थापनांत कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली परिषद असते. नेमणूक, बदली, कामाच्या वेळा यांत तिला कायद्याने हक्क आहे. संगणकप्रणाली घ्यायची तरी तोच वळसा. परत आलेले पुस्तक कोणी, कधी नोंदवले हे नवी प्रणाली टिपून ठेवते. म्हणजे कोण किती वेगाने काम करतो हेही त्यातून काढता येते. कर्मचाऱ्याच्या कामावर पाळत ठेवू शकणारे तंत्रज्ञान परिषदेच्या संमतीशिवाय आणता येत नाही. ती नोंद कोण बघणार, किती दिवस ठेवणार, मूल्यमापनात वापरणार नाही ना, हे आधी लेखी ठरते. भारतातून आलेल्याला हा उशीर चिडवतो. पण एकदा ठरलेली गोष्ट पुढच्या संचालकाच्या लहरीवर उलटत नाही, हा त्याचा दुसरा पदर आहे.

वरच्या मजल्याचे काम तर मुळातूनच बदलले आहे. नियतकालिकांच्या वाढत्या किमतींविरुद्ध जर्मन संस्थांनी एकजुटीने देशपातळीवरचा करार मागितला. एल्सव्हिअर या बड्या प्रकाशन कंपनीशी जमेना तेव्हा सुमारे दोनशे संस्थांनी वर्गणी बंद केली आणि 2018च्या जुलैत कंपनीने त्यांचे दार बंद केले. त्या काळात आंतरग्रंथालयीन देवघेवीने मोठा हात दिला. दीड युरोत दुसऱ्या गावचे पुस्तक किंवा लेखाची प्रत मागवण्याची ही सोय जर्मन विद्यार्थी गृहीतच धरतो. वायलीशी 2019मध्ये करार झाला, मग श्प्रिंगर नेचरशी आणि 2023मध्ये एल्सव्हिअरशीही. आता पैसा छापल्या जाणाऱ्या लेखांमागे मोजला जातो. विद्यापीठातून कोणाचा लेख कुठे निघतो आहे आणि त्याचे बिल कोणत्या खात्यातून द्यायचे, याचा हिशेब ठेवणारा माणूस लागतो. पदाच्या वर्णनात मात्र कित्येकदा अजून ‘ग्रंथनिवड’ लिहिलेले असते.

मराठी अभ्यासकांच्या जवळचे उदाहरण हायडेलबर्गचे. खंडोबा आणि धनगरांवर आयुष्य घालवलेले गुंथर सोंथायमर तिथल्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवत. 1962मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे ग्रंथालय विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयाशी हातमिळवणी करून दक्षिण आशियाचे साहित्य साऱ्या जर्मनीसाठी जमवते. 1949पासून जर्मनीने विषय आणि प्रदेश वेगवेगळ्या ग्रंथालयांना वाटून दिले होते, पैसा संशोधन प्रतिष्ठान देई. गेल्या दशकात ती पद्धत मोडून मुदतीचे प्रकल्प आले. मुदत संपत आली की नवा अर्ज, नवे परीक्षण. भारतीय भाषा जाणणारा ग्रंथपाल घडायला वर्षे लागतात. त्याच्या पदाचा भरवसा मात्र पुढच्या मंजुरीपर्यंतच. तीन मजल्यांच्या शेजारी असा एक पत्र्याचा मांडव उभा राहिला आहे आणि तरुण माणसे बहुतेक तिथेच भेटतात.

बर्लिन राज्याने 2024च्या अखेरीस सुमारे तीन अब्ज युरोंची काटछाट मंजूर केली आणि विद्यापीठेही तिच्या कात्रीत आली. कायम कर्मचाऱ्याला काढून टाकणे इथे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे बचतीचा सोपा मार्ग एकच उरतो: निवृत्त झालेल्याची जागा भरायची नाही. युद्धानंतरच्या भरघोस जननवर्षांतली पिढी नेमकी याच वर्षांत घरी जाते आहे. कोणत्या विभागातले पद रिकामे राहणार हे ग्रंथालयाची गरज ठरवत नाही, कर्मचाऱ्यांच्या जन्मतारखा ठरवतात.