प्रत्यय लागताना ऱ्हस्व-दीर्घ

बिलोली तालुका तेलंगणाच्या सीमेस लागून आहे. येथील मराठी शाळांत येणाऱ्या कित्येक मुलांच्या घरी तेलुगू अथवा उर्दू बोलली जाते. अशा मुलाच्या वहीत ‘फूलाला’, ‘गरीबांना’ अशी रूपे आढळली की ती लाल शाईने खोडली जातात. वास्तविक मुलाने ‘फूल’ हा शब्द शिकविल्याप्रमाणे दीर्घ ठेवून त्यास प्रत्यय जोडलेला असतो. चूक कोठे झाली हे त्यास न सांगता केवळ गुण कमी केले, तर ते मूल लिहिण्यासच कचरू लागते. म्हणून नियमामागील कारण शिक्षकांनी आधी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारले. १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडून ते १८ झाले. शब्दाचा शेवट व प्रत्यय यांसंबंधीचे नियम थोडक्यात असे आहेत.

पहिला नियम अन्त्य अक्षराचा. शब्दाच्या शेवटी येणारा इकार वा उकार दीर्घ लिहावा : पाटी, जादू, कवी, गुरू. ‘आणि’, ‘नि’ तसेच ‘परंतु’, ‘तथापि’ यांसारखी तत्सम अव्यये यास अपवाद आहेत.

दुसरा नियम उपान्त्य अक्षराचा. मराठी शब्द अकारान्त असेल तर त्याचे उपान्त्य इकार-उकार दीर्घ असतात : फूल, वीट, गरीब, वकील. शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर ते ऱ्हस्व असतात : किडा, विळी, पाहुणा.

तिसरा नियम या दोहोंतूनच सहज उमगतो. प्रत्ययापूर्वी सामान्यरूप होते तेव्हा ‘फूल’चे ‘फुला’ होते. शेवटचे अक्षर दीर्घ झाल्याने आधीचे ऱ्हस्व होते. म्हणून फुलाला, विटेने, गरिबांना, वकिलास. मुलांच्या परिचयाची गावेही याच वळणाने जातात : देगलूर–देगलुरात, लातूर–लातुरात, उदगीर–उदगिरात. पहिले अक्षर दीर्घ असलेल्या काही तीन अक्षरी शब्दांत तर उपान्त्य इकार-उकाराच्या जागी ‘अ’ येतो : लाकूड–लाकडाला, बेरीज–बेरजेत.

तत्सम शब्दांचे उपान्त्य अक्षर मात्र मुळाप्रमाणेच राहते : शरीर–शरीरात, सूत्र–सूत्रास, गुण–गुणांनी. येथे मुले हमखास गोंधळतात, म्हणून असे शब्द वेगळे पाठ करवून घ्यावेत.

चौथी बाब वरच्या वर्गांसाठी. ‘बुद्धी’ या शब्दास मराठी विभक्तिप्रत्यय लागला तर ‘बुद्धीने’ असे दीर्घच राहते. परंतु संस्कृत प्रत्यय लागला किंवा समास झाला तर मुळातील ऱ्हस्व रूप परत येते : बुद्धिमान, बुद्धिवैभव. त्याचप्रमाणे गुरूंनी, परंतु गुरुत्व व गुरुदक्षिणा. मुळातच दीर्घ असलेला शब्द समासातही दीर्घ राहतो : नदीतीर.

शिकविताना सुरुवात कानापासून करावी. ‘फूल’ म्हणताना ऊकार लांबतो, ‘फुलाला’ म्हणताना तो आखडतो. मुलांकडून दोन्ही रूपे मोठ्याने वदवून घ्यावीत. तेलुगूत स्वराच्या ऱ्हस्व-दीर्घपणाने शब्दाचा अर्थच बदलतो. त्यामुळे तेलुगूभाषक मुलाचा कान या भेदास सरावलेला असतो. घरची भाषा येथे अडचण नसून साधन ठरू शकते. मराठीतही ‘दिन’ म्हणजे दिवस व ‘दीन’ म्हणजे गरीब, ‘सुत’ म्हणजे मुलगा व ‘सूत’ म्हणजे धागा, अशा जोड्या दाखविल्यास हा भेद निरर्थक नाही हे पटते.

त्यानंतर फळ्यावर दोन रकाने आखावेत. एकात मूळ शब्द, दुसऱ्यात प्रत्यय लागलेले रूप लिहून त्यांतील बदल मुलांनाच हुडकू द्यावा. वही तपासतानाही चुकीचे रूप खोडण्याऐवजी त्याखाली रेघ ओढून समासात मूळ शब्द लिहावा व शुद्ध रूप मुलाकडूनच लिहवून घ्यावे. अशा रीतीने स्वतः सुधारलेला शब्द मुलाच्या ध्यानी राहतो आणि पुढील वाक्य लिहिताना त्याचा हात अडखळत नाही.